खिळा

नंदगडच्या रस्त्याला, कौलांच्या भट्टीपासून तिसरं घर आमचं.
दोन खोल्या. न्हाणीला अजून दार नाही,
पोत्याचा पडदा.

बेळगावला कँपातून येशूची तसबीर आणली,
मांडीवर घेऊन, बसमधल्या उभ्या माणसांचे धक्के खात.
मी म्हटलं, दारासमोरच्या भिंतीला लावू,
येणाऱ्याला आधी तो दिसावा.
कायताननं खिळा ठोकला.
मूठभर गिलावा खाली आला, त्यामागून खिळा.
बसाप्पा मिस्त्री हसला, नीर हाक्री अक्का,
एकवीस दिवस पाणी पाजा.
घाई केली तर भिंत काही धरत नाही.

तोवर तसबीर तांदळाच्या पिंपावर
टेकवून ठेवली.

संध्याकाळी जपमाळ.
लिझा पुढं म्हणते, आम्ही मागून.
क्षमेच्या ओळीशी कायतानला खोकला येतो.
रोज, बरोबर तिथंच.
सात वर्षं झाली, इनासभावजींशी बोलणं नाही.
भट्टीचा हिशेब, मातीचा एक खड्डा,
आणि सासूबाईंच्या मयताला कोण उशिरा आलं, ते.
मी काढत नाही विषय. भिंतीवर पाणी मारते,
सकाळी एकदा, दिवे लागायच्या आत एकदा.
लिझानंच विचारलं एकदा,
पप्पा, औषध आणू?

अठराव्या दिवशी रात्री दार वाजलं.
इनासभावजी. मागं तीन पोरं, एकाच्या पायात दोन वेगळ्या चपला.
रोझीनला सिव्हिलला नेलंय, एवढंच म्हणाले.
उंबऱ्याबाहेर उभे,
आत यायचं ठरलेलं नाही अशा पायांनी.
कायताननं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
धाकट्याच्या हातातली पिशवी घेतली
आणि मला म्हणाला, तांदूळ घाल जास्तीचे.

तांदूळ काढायचे तर तसबीर उचलावी लागते.
उचलली, तर ठेवायला जागा दिसेना.
जमिनीवर पोरं, खाटेवर सिमेंटची पोती.
भावजींच्या हातात दिली.
भात रटरटेपर्यंत ते तसेच उभे,
तान्ह्याला धरतात तशी ती धरून,
मान सांभाळत.

जपमाळ उशिरा झाली त्या रात्री.
नेमकं त्या ओळीशी धाकटं भोकाड पसरलं.
खोकला आला की नाही,
मला कळलं नाही.

भिंत आता वाळलीय. बसाप्पा बोटांनी ठोकून गेला,
म्हणाला, हत्ती टांगा.
रोझीन घरी आलीय, बारीक झालीय,
पोरं तरी शनिवारी इकडंच असतात.
न्हाणीला दार नाहीच.
कायतान म्हणतो, उद्या ठोकतो खिळा.
मी म्हणते, असू दे की,
दिवसातून दोनदा हातात घ्यावा लागतो त्याला,
मगच चूल.
काचेवर तांदळाच्या कोंड्याची पांढरी बोटं उमटतात,
पदरानं पुसते.
संध्याकाळी पुन्हा तिथंच असतात,
माझी, कायतानची,
आणि एक मोठा अंगठा, ओळखीचा.