चिमटा

वान्नेसच्या दुकानात भिंतीवर चिमटे टांगलेत
उलटे, खाटकाकडच्या बरगड्यांसारखे.
कसा हवाय, तो विचारतो.
मऊ, मी म्हणते.
तो हसतो. लोखंडाच्या दुकानात येऊन मऊ मागणारी
मी आजची तिसरी.

माझी सायकल निळी, नऊ वर्षांची.
पुढचं चाक धरणारा चिमटा ॲल्युमिनियमचा, सरळसोट,
मास्तरांच्या पट्टीसारखा.
रस्ता बोलेल ते जसंच्या तसं
मनगटात आणून ओततो, एक शब्द गाळत नाही.
आणि गेंटचे रस्ते काय कमी बोलतात?
घरापासून पुलापर्यंत ठीक. पुलानंतर
पावासारखे फुगीर दगड, मध्ये ट्रामचे रूळ,
मग पुन्हा दगड, थेट हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत.
पहाटे साडेपाचला दातांवर दात वाजतात,
डब्यातलं उकडलेलं अंडं
आपोआप सोललं जातं.

सहा वाजता मी हात धुते.
सव्वासहाला पहिली शीर शोधायची असते.
तोवर हातात रस्ता असतोच.

वान्नेस एकेक खाली उतरवतो.
हा शॉकॲब्सॉर्बरवाला. दोन किलोच्या वर,
पेडलला जोर दिला की नमस्कार घालत सुटतो.
"पुलाच्या चढावर तुझी निम्मी ताकद हाच खाईल."
हा कार्बनचा, बोटावर तोलता येणारा.
किंमत ऐकून मी तो परत देते,
दुसऱ्याचं झोपलेलं मूल परत द्यावं तसा.
एका चिमट्यासाठी पोटाला दुसरा चिमटा,
आणि वर मडगार्ड लावायला भोकच नाही. गेंटमध्ये!

मग मागच्या खोलीतून तो आणतो पोलादाचा,
जुना, कुणा पोस्टमनच्या सायकलचा.
खाली टोकाशी पुढे वळलेला,
एखाद्यानं मान झुकवून ऐकावं तसा.
वान्नेस टिचकी मारतो. नाद बराच वेळ राहतो.
"हा रस्त्याचं ऐकून घेतो. सगळंच तुला सांगत नाही."
मोजपट्टी लावतो. वरची नळी पाच मिलिमीटर आखूड,
एक कडी काढली की बसेल. ब्रेक तेच चालतील.
"बाक मात्र जास्त आहे. हँडल उतावीळ होईल,
पहिले काही दिवस एका हातानं चालवू नकोस."

मी मान हलवते.
पाकीट काढत नाही.

वान्नेसला कसं सांगू,
आठ महिने मी हेच पुढे ढकलत होते.
बाबा ट्राम चालवायचे.
कॉफीचा कप बशीत किणकिणला की म्हणायचे,
ट्रामची थरथर आहे, अंगात उतरते.
आई मान डोलवायची. आम्ही पोरंही.
मग ते निवृत्त झाले
आणि कप किणकिणतच राहिला.

म्हणून ही ॲल्युमिनियमची पट्टी सोयीची होती.
तिच्यावर बोट ठेवता येत होतं.
ती गेली की उरणार
नुसते हात.

"रोझेलीन, घेतेस ना? पाच वाजता बंद करतो मी."
त्याच्या हातात पाना, पान्याला ग्रीस,
ग्रीसला कुत्र्याचा एक केस चिकटलेला.
त्या केसाकडे बघत मी म्हणते,
घेते.

सोमवारी पूल ओलांडला. दगड आले,
आले आणि खालून गेले,
शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तसे.
हँडल खरंच उतावीळ, रुळांशी दोनदा फसले.
अंडं शाबूत.

सहा वाजता हात धुतले, पुसले,
खिडकीशी नेऊन धरले.
उजवा स्थिर.
डाव्याच्या करंगळीकडे
मी बराच वेळ पाहत राहिले.
सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची शीर
पहिल्याच सुईत सापडली.
ते म्हणाले, कळलंसुद्धा नाही.

दुपारी घरी निघताना फाटकाशी थांबले,
वाकून पुढच्या टायरमधली हवा
थोडी सोडली.

अजून थोडी.