पान एकशे अकरा

डिसेंबरचा पहिला रविवार उलटला
की पपा माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवतात.
आधी डांबरगोळ्यांचा वास बाहेर येतो,
मग पुस्तकं.
ही फक्त नाताळात वाचायची,
एरवी कुणी हात लावायचा नाही,
असा आईचा नियम.
आई गेली, नियम राहिला.

बाहेर शरणपूर गारठलेलं.
निफाडकडे पारा चारवर आलाय म्हणे,
द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवतात.
आमच्याकडे एक गोधडी,
तिच्याखाली तिघं,
आणि चकलीचा डबा, ज्याचं झाकण
वाचता वाचता कुणीच लावत नाही.

जुने नाताळ अंक, मुखपृष्ठं उडालेली.
एकातले मेंढपाळ थेट सिन्नरकडचे वाटतात,
खांद्यावर घोंगडी, तंबाखूची चंची.
एकात मागी लोक चांदवडच्या घाटात वाट चुकतात
आणि टपरीवाल्याला तारा कुठे दिसला का विचारतात.
तो म्हणतो, आधी चहा घ्या.
इथे पपा दर वर्षी हसतात,
पान यायच्या थोडं आधीच.

पण वाट बघायची ती छोट्या निळ्या पुस्तकाची.
इगतपुरी. धुकं. नाताळची आदली रात्र.
पोस्टमनच्या थैलीत एकच पार्सल उरलेलं,
लहान मुलाचे बूट.
पत्ता ओला होऊन पुसट झालेला.
तो घरामागून घर विचारत जातो,
शेवटच्या घराची कडी वाजवतो,
दार उघडतं आणि

पान एकशे दहा संपतं.
पुढचं पान नाही.

पपा नोट प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला.
छत्तीस वर्षं ताव मोजले.
एकदा एक ताव कमी भरला
तर रात्री दोनपर्यंत कुणाला गेटबाहेर सोडलं नव्हतं,
हे त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलंय.
त्या माणसाच्या पेटीत
एक पान कमी असलेलं पुस्तक!
आम्ही चिडवायचो.
ते चष्मा पुसायचे.

मग शेवट ज्याने त्याने करायचा.
आशिष म्हणायचा, बूट मोठे होतात, पुढच्या वर्षी बसतील.
आई म्हणायची, दार उघडतं आणि करंज्यांचा वास येतो, झालं,
आणखी काय पाहिजे?
माझ्या शेवटात नेहमी कुत्रा असायचा.
पपांनी कधीच शेवट सांगितला नाही.
त्यांच्याकडे मुद्रितं तपासायचं काम, म्हणायचे,
मजकूर दुसऱ्यांनी द्यायचा.

यंदा त्यांचे डोळे दमले म्हणून मी वाचत होते,
त्यांचंच भिंग घेऊन.
भिंगाखाली शिवणीजवळची कड दिसली.
फाटलेली नव्हती.
पोलादी पट्टी धरून, ब्लेडने,
एका ओढीत कापलेली.
असं कापणारा हात
या घरात एकच.

पुस्तकाच्या आत तारीख, आईच्या अक्षरात.
ज्या थंडीत आमचा योनाथान
सिव्हिलमधून घरी आला नाही, ते साल.
मला त्याचं फक्त एक आठवतं,
उंबऱ्याशी ठेवलेले
तळ न झिजलेले लाल बूट.

मी वर पाहिलं.
पपांनी पाहिलं की मी पाहिलंय.
त्यांनी चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला.

मधेच केझिया, आशिषची, सहा वर्षांची,
गोधडीतून तोंड काढून ओरडली,
आता माझी पाळी!
दार उघडतं आणि पोस्टमन म्हणतो,
मी आत येऊ का, मला थंडी वाजतेय.
आणि मग?
मग तो येतो ना आत. संपली.

पपा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग पुस्तक मागून घेतलं,
अंगठा ओला केला
आणि सवयीने, भराभर,
सगळी पानं मोजली.
एकशे दहा, म्हणाले.
बरोबर आहेत.
ठेव पेटीत.