कूलर बंद झाल्यावर

गोळीबार चौकाच्या मागे आमचं घर.
खाली दोन माग, वर आम्ही पाच जण.
बाबा त्या खडखडाटात गाढ झोपायचे
आणि एक धागा तुटला की उठून बसायचे.
आवाज थांबायचा नाही, जरासा बदलायचा, इतकंच.
मला कधी तो बदल ऐकू आला नाही.

मानसशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा आई म्हणाली,
"लोकाइचं आयकून घ्याचे पैसे भेटतेत?"
शेजारी मात्र सांगून आली, पोरगी बँकेच्या परीक्षा देते.

पुढची दोन वर्षं दवाखान्यात.
सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड,
रात्री होस्टेलच्या गच्चीत शब्दशः नोंदी:
ती काय म्हणाली, मी काय म्हणाले,
मध्ये किती वेळ कोणीच काही म्हणालं नाही.
किंखेडे मॅडम हिरव्या पेन्सिलने तपासायच्या.
तिसऱ्या पानावर समासात लिहिलेलं असायचं:
इथं ती थांबली होती. तू काऊन बोललीस?

मी म्हटलं, ती रडणार होती, मॅडम.
"मग?"
मग काय. तर्री-पोह्याची प्लेट गार झाली
आणि मला उत्तर सापडलं नाही.
ते सापडायला सहा वर्षं गेली,
त्यातली दोन मी स्वतः दुसऱ्या कोणाच्या तरी
खुर्चीत बसून, दर गुरुवारी,
पगाराचा चौथा हिस्सा देऊन, रडून काढली.

बजाज नगरात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली.
घरमालक कुथे म्हणाले, "पाटीवर मन-बिन नका लिहू,
भाडेकरू पळतीन." म्हणून नुसतं नाव: वैदेही नंदनवार.
पहिल्या महिन्यात तिघं आले.
त्यातल्या एकाला दाताचा डॉक्टर हवा होता.

मे महिन्यात शेहेचाळीस डिग्री,
ओल्या गवताचा वास, पंपाची खुळखुळ,
आणि त्या आवाजाच्या आडोशाने
माणसं भडाभडा बोलायची.
बाहेर बाकावर पुढचा बसलाय,
त्याला ऐकू जाणार नाही याची खात्री.
दिवाळीनंतर कूलर बंद केला
तशी सगळी एकदम हळू बोलू लागली.
हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

एकजण सतरा वेळा आला.
(नाव सांगणार नाही. गाव बदललंय.
कदाचित तो पुरुषही नसेल.)
सोळा वेळा तो विजेच्या बिलाबद्दल बोलला.
मीटर, रीडिंग, महावितरणच्या खेट्या.
मी मान हलवत होते, आणि मनात,
खोटं कशाला बोलू, भाजीचा हिशोब करत होते.
सतराव्या वेळी तेच बिल, तोच मीटर,
पण "घरी दिवा कोणासाठी लावायचा" म्हणताना
आवाज बदलला. जरासा.
मी उठून बसले. म्हणजे होते तशीच बसून राहिले,
आणि बोलले नाही.

त्यानंतर तो आला नाही.
मी बरोबर होते की चूक, माहीत नाही.
मॅडम असत्या तर समासात काय लिहिलं असतं, तेही नाही.
मंगळवारी चार वाजता
त्याचे पन्नास मिनिट मी कोणाला दिले नाहीत
जवळजवळ संक्रांतीपर्यंत.

माग गेल्या वर्षी भंगारात गेले.
किलोच्या भावाने.
आता खाली मोटरसायकली ठेवतात
आणि बाबा रात्रभर जागे असतात.
घरच्यांवर उपचार करायचे नाहीत,
हा पहिल्याच वर्गात शिकलेला नियम.
म्हणून मी विचारत नाही. नुसती बसते, शेंगा सोलत.

डिसेंबरची रात्र, पारा आठवर.
बाबा अंधारातून म्हणाले,
"तो कूलर लाव बरं."
एवढ्या थंडीत, बाबा?
"पाणी नको टाकू.
नुसताच चालू राहू दे."