दम होता

पारोळ्याला, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी
मैदानावर पाणी मारून झालं, फक्की ओढून झाली,
आणि मी डाव्या रेघेवर उभा राहिलो.
शर्ट पांढरा. शिट्टी काळी.
एरवी मी भुईकाट्यावर मक्याच्या ट्रॉल्या मोजतो.

लोटन आबांनी मला पंच केलं.
म्हणायचे, डोया मीटी ले आनि आयक.
दम तुटायला आला की आधी आवाजाला चीर जाते,
मग पाय अडखळतो.
त्यांच्या काळी चढाईला अख्खं मैदान गप्प बसायचं,
असं तेच सांगायचे.
आम्ही कुठे होतो बघायला.

आता माईकवाला थांबत नाही.
बोनस पडला की डीजेचा एक ठोका,
टेबलावर तीस सेकंदांचे लाल आकडे.
पकडही बदलली.
पूर्वी पोरं धावून जायची, सूर मारायची,
हुकायची, आणि हुकल्यावर स्वतःच हसायची.
आता वाट बघतात.
पहिली चढाई रिकामी, दुसरी रिकामी,
तिसरीला तो आत येणारच. मग सापळा.
धुळ्याच्या तालमीतला वस्ताद आणतात पगार देऊन.
तो शिकवतो घोटा कसा उचलायचा, कमरेत कसं शिरायचं,
आणि पाडल्यावर अंगावर कसं पडून राहायचं,
शिट्टीनंतर दोन श्वास जास्त,
म्हणजे पुढच्या चढाईला त्याची मांडी जड होते.
नियमात याला नाव नाही.
ज्याला नाव नाही त्याला शिट्टी कशी मारू?

कैची मारली तर दिसते.
बनियन ओढलं तर फाटतं.
पण तळहात?

दिलवर पावरा, चोपड्याच्या वरच्या अंगाचा,
आश्रमशाळेच्या बुटांना भोकं पडली म्हणून अनवाणी.
तिसरी चढाई, एक गुण मागे.
चेतन बोरसेने घोटा उचलला,
दोघे साखळी करून आले, चौथा वरून.
धुरळा.
धुरळ्यातून कबड्डी कबड्डी कब

आणि काहीच नाही.

चीर गेली नव्हती.
नळ बंद करावा तसा आवाज बंद.
कानाला कळलं होतं. मधे चार पाठी होत्या.
सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मैदानाच्या सरपंचांनी.
गावाचाही होता एक, खुर्चीत, ढालीशेजारी,
यजमान संघ त्याचाच.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खरं तेच सांगतो.
कुणीच काही सांगितलं नव्हतं.
हात माझा होता, तो वर गेला.
बाद.

मागून कुणीतरी ओरडलं, पंच, तुले दखास नही का?
ते नेहमीचंच, त्याने काही होत नाही.
दिलवर उठला. ओठावरची माती पुसली,
मातीत थोडं लाल होतं.
भांडला नाही. माझ्या बाजूने जाताना एवढंच म्हणाला,
"सर, दम होता."

होता, म्हणजे उरला होता.

रात्री चहाच्या गाडीवर एका पोराने मोबाईल पुढे केला.
हळू करून दाखवलं, मग आणखी हळू.
हात दिसतो. अंगठीसकट.
फार तर अर्धा सेकंद, मग तो हात खांद्यावर,
जणू तिथेच होता.
सामन्याआधी अंगठ्या काढून घेणं पंचाचं काम.
मी नखं बघितली होती सगळ्यांची, एकेकाची,
अंगठ्या राहिल्या.
ढाल तोवर मिरवून आली होती.

घरी गच्चीवर खाट टाकली.
पडल्या पडल्या सुरू केलं, मनात नाही, तोंडाने,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
आणि मधेच स्वतःच्या तोंडावर हात दाबला,
अर्धा सेकंद किती असतो बघायला.

बायको उठून बसली. काय करी ऱ्हायनात?
काही नही, म्हटलं. झोप.

तळहात ओला झाला होता.
तो लुंगीला पुसला
आणि तिचा श्वास संथ होईपर्यंत थांबलो.
मग पुन्हा एकदा.