कार्ड क्रमांक ३१२

ओझेला मावशीनं एकतीस वर्षं
टपाल खात्यात रात्रपाळी केली.
निवृत्त झाली त्या शुक्रवारी
गॅरेजमधून गाडी बाहेर काढली,
ती पुन्हा कधी आत गेली नाही.

आत गेली केस सरळ करायची लोखंडी फणी,
रेल्वेच्या शयनडब्यातल्या सेवकाची टोपी,
आतून घामानं काळवंडलेली.
दफन मंडळाची वही, आठवड्याला दहा सेंट.
चर्चमधले पुठ्ठ्याचे पंखे,
मागच्या बाजूला अंत्यविधीवाल्याची जाहिरात.
शेजारी हसायचे : भंगार घेतेस का गं?
घेते, म्हणायची,
पण कुणाचं ते सांगावं लागेल.

कार्डं मी लिहायचो. बारा वर्षांचा होतो,
अक्षर बरं. कार्डामागे पाच सेंट.
वस्तू. कुणाची. कुणी दिली.
मधली ओळ भरल्याशिवाय
ती माणसाला उठू द्यायची नाही,
मक्याचा पाव, कॉफी, पुन्हा तोच प्रश्न.

नगरपालिकेनं अकरा वर्षं फाइल फिरवली.
मग बंद पडलेलं अग्निशमन केंद्र दिलं.
उद्घाटनाला महापौर पुढे बोलत होते,
मागे आम्ही दोघं
गळतीखालच्या बादल्या सरकवत होतो.

त्याच नोव्हेंबरात नदीपलीकडून, केंटकीतून,
एक म्हातारा गोरा माणूस आला.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही टेबलावर ठेवलं.
बेडी.
इतकी लहान, की मला वाटलं
कुत्र्याच्या गळ्यातली असेल.
'पणजोबांच्या कोठारात होती,' तो म्हणाला.
'कुणाची?'
'आमचीच.'
'मालकाचं नाव नाही विचारलं मी.'

कॉफी गार झाली.
मावशीनं ती हातात चढवून पाहिली,
बोटांच्या पेरांवरच अडली.
तो माणूस अंधार पडेपर्यंत बसून होता,
आठवत नव्हतं काही, तरी बसून होता.

मी टाक खाली ठेवला. म्हटलं, 'अज्ञात' लिहू?
'नाही. पत्ता पुसला गेला
म्हणून आम्ही पत्र फेकत नव्हतो.
वेगळ्या खणात ठेवायचो. ठेव.'

मावशी जाऊन नऊ वर्षं झाली.
बाकीची कार्डं मी संगणकावर चढवली,
हे एक तसंच आहे, वर तिच्या कपाचा गोल डाग.
शाळेची मुलं येतात, विचारतात,
इथे लिहायचं राहिलं का?
हो, म्हणतो मी,
आणि त्यांना बादलीपासून जरा बाजूला घेतो.
छप्पर अजून गळतंच.