त्रासिग फ्लेक्त

म्हणजे बिघडलेला पंखा.
हे नाव पाहूनच ऐकलं मी त्यांना,
दुसरं काही कारण नव्हतं.
गोळीबार चौकात माझं मोटरी भरायचं दुकान,
सीझनला दिवसाचे अकरा-बारा कूलर हाताखालून जातात,
आणि तिकडे स्वीडनमध्ये, नकाशाच्या पार वर,
चार पोरींनी स्वतःला बिघडलेला पंखा म्हणवून घेतलेलं.

पहिलं गाणं एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचं.
तेवढ्यात एक कॉइलसुद्धा भरून होत नाही.
ऐकलं आणि वाटलं, बेअरिंग गेलंय.
पुन्हा लावलं.
गेलेलंच होतं.
त्यांनी ते तसंच ठेवलं होतं.
मी अठरा वर्षं लोकांकडून आवाज काढून टाकायचे पैसे घेतो.

मार्चमध्ये त्यांची नवी कॅसेट निघाली. हो, कॅसेटच.
साठ क्रोनर तिची किंमत, टपालखर्च तिच्या दुप्पट.
पोस्टमन हेडाऊनं पाकीट कानाशी हलवलं.
"काय आहे जी यात?"
गाणे, म्हटलं.
"मंग इकडे काय कमी पडून राहिले का?"

आईच्या टेपमध्ये लावली.
आई गायन पार्टीत होती,
लग्नाआधी, आणि लग्नानंतरही चार वर्षं.
एप्रिलमध्ये रात्र-रात्र, इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत,
ट्रकच्या पाटीवर उभी राहून.
तिच्या आवाजाची एकच कॅसेट होती घरात,
तिच्यावर बाबांनी क्रिकेटची कॉमेंट्री भरली.
ह्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही.

ती चिवळ निवडत बसलेली.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
तूवा नावाची ती गाते, म्हणजे ओरडते,
नेय, नेय, नेय,
मी मोजलं, एकवीस वेळा.
आईनं हात थांबवला.
"नाई म्हणून राहिली ना ते?"
मी फोनवर शोधून पाहिलं.
नेय म्हणजे नाही.
"मंग बरोबर. श्वास पोटातून घेऊन राहिली पोट्टी.
शेवटच्या नाईला घाई करते पण."
आणि पुन्हा चिवळ.

नवतपात त्यांचा कार्यक्रम होता, शनिवारी.
तिकडचे नऊ, इकडचे साडेबारा.
मासळीचं एक जुनं गोदाम, माणसं तीसेक,
बाहेर म्हणे अजून उजेड, आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटं.
गर्दीतलं कुणीतरी फोन वर धरून दाखवत होतं,
त्याचा हात दुखला की आम्हाला छत दिसायचं.
इकडे गच्चीवर फोन पाण्याच्या टाकीला टेकवलेला,
समोर मी, आई,
आणि धुमालवाला चेतू नंदनवार,
वरातीतून तसाच आलेला, झालरीच्या कोटात, घामानं निथळत.
दोन गाणी तो फक्त ड्रमवालीकडे पाहत होता.
"डावखुरी आहे," म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं,
"पैसे घेऊन असं वाजवता येत नाही, बे."
मग कोटाची बटणं सोडली. "घेतले असतील तरी. थोडे."

तूवा मध्येच काहीतरी बोलली,
गोदाम हसलं.
आम्हीही हसलो, जरा उशिरा.

ते गाणं सुरू झालं. नेय, नेय,
मी मोजत होतो, अठरा, एकोणीस, वीस,
आणि लाइन गेली.
वायफाय गेलं, तूवाचं तोंड उघडंच राहिलं पडद्यावर,
तांडापेठेपर्यंत अंधार.
सगळे कूलर एकदम सुटले.
पातं लगेच थांबत नसतं,
थांबता थांबता प्रत्येक वेगळं बोलतं,
त्यातले निम्मे मीच भरलेले, मला ओळखू येत होते,
बारापात्रेंचा, कोचिंग क्लासचा, तो खरखरतो तो आमचाच.
मग तेही संपले.

त्या शांततेत आईनं एकविसावं नाई म्हटलं.
पोटातून. घाई न करता.
चेतूच्या बोटांनी टाकीवर एकदाच ठोका दिला
आणि गप्प झाली.

पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी खाटेवर उठून बसलं.
"काय झालं जी, काकू?"

"काई नाई," आई म्हणाली.