दारं धरणारा

इस्फाराच्या पाटावर एकतीस वर्षं
मी पाण्याच्या पाळ्या लावल्या.
कुणाच्या जर्दाळूला किती, कुणाच्या कांद्याला किती,
कोण रात्री दगड सरकवतो,
सगळं मला ठाऊक.
आमच्याकडे अशा माणसाला मिराब म्हणतात.

आणि माझं स्वतःचं
थेंब थेंब.

विसाव्या वर्षी पाटाच्या दारावरून घसरलो,
दोन पाय दोन बाजूंना, मध्ये लोखंड.
रक्त आलं, थांबलं. कुणाला सांगितलं नाही.
आत व्रण धरत गेला, पाटात गाळ धरतो तसा.
भिंतीशी उभा राहायचो तेव्हा
मागून आलेले दोघे मोकळे होऊन
हात धुऊन गेलेले असायचे.
ओयनिसो दाराबाहेरून विचारायची, "झोपलात का?"

दर चार महिन्यांनी सळई.
वाट रुंद करायची, ती पुन्हा मिटायची.
मी डॉक्टरला म्हटलं, गाळ नुसता ढोसून पाट साफ होत नाही,
काठ उकरावा लागतो.
तो चिडला.
दुशान्बेचा पत्ता मात्र दिला.

तिथली डॉक्टर, मुनिरा कोदिरोवा,
माझ्या धाकटीच्या वयाची.
कागदावर रेघ काढली, मध्येच चिमटलेली.
"एवढा तुकडा उघडायचा. आतून अस्तर लावायचं."
कशाचं?
"गालाचं. ती कातडी ओलीत राहायला सरावलेली असते."
जन्मात पहिल्यांदा मी
स्वतःच्या गालाला आतून जीभ लावून पाहिली.

काय काय गेलं होतं त्या जागेवरून:
वरच्या गावाच्या पाणीचोरांना दिलेल्या शिव्या,
जर्दाळूच्या बिया, इकडून तिकडे,
आईच्या मयतात गिळलेला हुंदका,
आणि ओयनिसोचं नाव,
जे चारचौघांत मी कधी घेतलं नाही.
"डावा की उजवा?" तिने विचारलं.
डावा, मी म्हटलं. उजव्याने मी नान चावतो.

शुद्धीवर आलो तो दोन्हीकडून मुका.
तोंडात टाके, खाली नळी, खाटेला पिशवी.
कोमट चहा, त्यात बुडवलेला मऊ तुकडा.
शेजारचा ट्रकवाला फैझुल्लो
माझ्या पिशवीवरचं माप रोज सकाळी
बातम्या वाचाव्यात तसं मोठ्याने वाचायचा.
चोवीस दिवस.

नळी काढली त्या दिवशी
मला एका यंत्रासमोर उभं केलं, सगळे बाहेर गेले.
भीती वाटली. वर्षाचं पहिलं दार उचलताना वाटते, तीच:
पाणी येईल, की नुसती हवा?

मग आवाज आला.
कोण करतंय म्हणून मी मागे वळून पाहिलं.

कागदावर डोंगर उमटला.
मुनिराने त्याखाली सही केली.
"वर्षाने या. काही वाटा पुन्हा आक्रसतात."
म्हटलं, बाई, हे तुम्ही पाटकऱ्याला सांगता?

घरी आलो तर पाळ्यांचा बट्ट्याबोळ.
दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते,
कुणाचा कांदा सडलेला, कुणाचा करपलेला.
सगळे मलाच शिव्या देत होते. बरं वाटलं.

रात्री कंदील घेऊन दारं धरायला निघालो.
जीभ आपोआप डावीकडे जाते
त्या शिवणीवर, गुळगुळीत, बेचव,
पुन्हा पुन्हा,
जसा अंधारात हात फिरतो
फळीच्या फटीवरून,
झिरपतंय का बघत.